ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर : ट्रॉलीची ओढ, डिझेल आणि बॅटरी

दिवाळी झाली की कोल्हापूर जिल्ह्यात तोडणीच्या टोळ्या फडात उतरतात आणि भोगावती, कुंभी-कासारी, बिद्री, वारणा, शिरोळ अशा सर्व कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. पुढील चार-पाच महिने ट्रॅक्टर शेतात कमी आणि रस्त्यावर जास्त असतो. नांगरट व रोटाव्हेटरसाठी घेतलेले हे यंत्र हंगामात मालवाहू गाडीचे काम करते. मात्र त्याची निगा आपण नांगरटीच्याच पद्धतीने राखतो. त्यामुळे डिझेलचा खर्च वाढतो, बॅटरी दोन वर्षांतच जाते आणि काही वेळा जीवावर बेतते. ट्रॉली, डिझेल व बॅटरी या तीन बाबी वेगवेगळ्या वाटत असल्या, तरी त्या एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत हे या लेखात पाहू.

ट्रॉलीला किती ओढ लागते?

ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा आहे यावरून तो किती टन ओढेल हे ठरवण्याची आपली सवय आहे. प्रत्यक्षात इंजिनाच्या ताकदीपेक्षा मागील चाकांची जमिनीवरील पकड आधी संपते. डांबरी सपाट रस्त्यावर १० टनांची भरलेली ट्रॉली चालती ठेवण्यास साधारण २०० ते ३०० किलो इतकी ओढ पुरते. तीच ट्रॉली नुकत्याच पाणी दिलेल्या फडात किंवा ओल्या काळ्या रानात उभी असेल, तर टनभर किंवा त्याहूनही जास्त ओढ लागते. दोन टन वजनाच्या ट्रॅक्टरची चाके अशा जमिनीत अर्धा-पाऊण टन ओढीलाच घसरू लागतात. म्हणजे ट्रॅक्टर ४५ चा असो की ५५ चा, तो जागेवरच चाके फिरवून खड्डा करणार आणि डिझेल जाळणार.

यावर उपाय सोपा आहे, पण मुकादमाला तो आवडत नाही. ओल्या फडात ट्रॉली अर्धीच भरावी, ती पाणंदीवर किंवा कठीण जागेवर काढून उभी करावी आणि उरलेल्या मोळ्या तेथे चढवाव्यात. मजुरांची डोक्यावरची वाहतूक थोडी वाढते, हे खरे. परंतु रुतलेली ट्रॉली काढण्यात दोन तास आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर जातो, त्याचा हिशेबही मांडून पाहावा. तोडणीपूर्वी पाणी किती दिवस आधी बंद करावयाचे, हे ठरवताना ट्रॉली कोणत्या बाजूने बाहेर काढणार याचाही विचार करावा.

चढावर ओढ कशी वाढते ते पाहा. २० मीटर अंतरात १ मीटर चढ असेल, तर १० टन ट्रॉलीला मूळ ओढीशिवाय आणखी ५०० किलो ओढ लागते. १० मीटरला १ मीटर चढ असेल, तर आणखी एक टन. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी व भुदरगड भागातील शेतकऱ्यांना हे सांगावयास नको. शिरोळच्या सपाट रस्त्यावर चालणारे वजन तेथे चालत नाही, म्हणून शेजारच्या तालुक्यातील खेपेशी बरोबरी करू नये.

रुतलेला ट्रॅक्टर काढताना

दरवर्षी माणसे दगावतात ती येथे. पुढचे टोक उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. याचे कारण बहुधा एकच असते : साखळी किंवा दोर ड्रॉबारला न बांधता वर, टॉपलिंकच्या जागी किंवा ॲक्सलच्या वरून गुंडाळून बांधलेला असतो. ओढ मागील ॲक्सलच्या वरून लागली, की मागील चाके जागेवर राहतात आणि ट्रॅक्टरचे धड त्यांच्याभोवती फिरते. पुढची चाके सुटल्यापासून ट्रॅक्टर उलटण्यास दोन सेकंदही लागत नाहीत. क्लच दाबण्याचे सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

म्हणून ओढ नेहमी ड्रॉबारवरून, खालून घ्यावी. चाके रुतली असतील, तर त्यांच्यापुढे ओंडका बांधून जोर लावण्याचा प्रकार पूर्ण टाळावा, कारण चाक अडले की धड उचलते. आधी चाकांमागची माती उकरून ट्रॅक्टर मागे येतो का पाहावे. ट्रॉली सोडून फक्त ट्रॅक्टर बाहेर काढावा, मग लांब साखळी लावून कठीण जमिनीवरून ट्रॉली ओढावी. क्लच हळू सोडावा. ताणलेली तारदोरी तुटल्यास चाबकासारखी मागे येते. तिच्या लांबीच्या टप्प्यात कोणीही उभे राहू नये. टोळीतील लहान मुले गंमत पाहण्यास जवळ येतात, त्यांना आधी दूर करावे.

जोडणीची पिन कारखान्यात बनलेली, कठीण पोलादाची व टोकाला कुलूप-क्लिप असलेलीच वापरावी. बांधकामाची सळई किंवा साधा बोल्ट पिन म्हणून घातलेला सर्रास दिसतो. तो झिजतो, वाकतो आणि एखाद्या गतिरोधकावर उडून पडतो. पिनेशिवाय एक सुरक्षा-साखळी ट्रॉली व ट्रॅक्टर यांच्यामध्ये कायम असावी. दोनचाकी ट्रॉलीत वजन ॲक्सलच्या किंचित पुढे राहील असे भरावे. मागे जास्त भरल्यास ट्रॉली हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड जाते.

उतार आणि ब्रेक

बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागील चाकांना असतो, आणि ट्रॉलीला बहुधा नसतोच. एक ढोबळ हिशेब करू. दोन टनांचा मोकळा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर सहा-सात मीटरांत थांबू शकतो. त्याच्यामागे १२ टनांची ट्रॉली असेल, तर ब्रेक तेवढेच, पण थांबवायचे वजन सात पट. कोरड्या सपाट रस्त्यावरही ३० मीटर लागतात, आणि माणसाला ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत आणखी सात मीटर जातात. आता उतार धरा. १२ मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ही गाडी केवळ ब्रेकवर थांबतच नाही. चाके जाम होतात आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते किंवा आडवे करून पुढे येते. दुहेरी ट्रॉलीच्या बाबतीत तर विचारूच नये.

यासाठी उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गियर टाकावा. जो गियर चढताना लागतो तोच उतरताना ठेवावा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड काही चालकांना असते. त्यात इंजिनाचा रोध जातो, वेग हाताबाहेर जातो आणि मग गियर पडत नाही. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवण्याची पट्टी लावलेली आहे ना, हे रोज पाहावे. शेतात वळणासाठी ती काढलेली असते आणि तशीच राहते. एकाच चाकाला ब्रेक लागला, की भरलेली ट्रॉली उलटण्यास वेळ लागत नाही.

डिझेल कोठे जाते?

पूर्ण भारावर ट्रॅक्टरचे इंजिन दर अश्वशक्तीला तासाला पाव लिटरच्या आतबाहेर डिझेल घेते. म्हणजे ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चढावर तासाला १० ते १२ लिटर घेईल, सपाट रस्त्यावर त्याच्या निम्मे. हे जाणारच. जाऊ नये ते कोठे जाते, हे पाहण्यासारखे आहे.

सर्वात मोठी गळती कारखान्याच्या केनयार्डमध्ये असते. वजनकाट्यापुढे रांग असते, दर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी थोडी पुढे घ्यावी लागते, आणि चालक इंजिन बंद करत नाही. उभ्या जागी चालू असलेले इंजिन तासाला लिटरभर डिझेल पिते. एका खेपेला चार तास धरले आणि हंगामात १०० खेपा झाल्या, तर ४०० लिटर झाले. आपल्या पंपावरील आजच्या दराने याला गुणून पाहावे. आलेल्या रकमेत चांगली नवीन बॅटरी सहज बसते.

बॅटरीचा उल्लेख येथे मुद्दाम केला. चालकाला विचारले असता तो सांगतो, “बंद केला तर परत सेल्फ मारणार नाही.” म्हणजे चालकाची सवय वाईट नाही, बॅटरी वाईट आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात. टाकी किंवा पाइपमधून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे दीड-दोन लिटर तरी मातीत जाते. ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर ओढ वाढते. हवा टायरवर छापलेल्या दाबाप्रमाणे गेजने मोजून भरावी, काठी वाजवून नव्हे. उसाच्या फडात पाचटाची भुकटी व धूळ फार असते, म्हणून एअर फिल्टर रोज पाहावा. भार नसतानाही काळा धूर येत असेल, तर बहुधा तेथेच दोष सापडतो.

टाकी सकाळी न भरता संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, आतील हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते तळाशी बसते. घरी डिझेलचा साठा करणे शक्यतो टाळावे. बॅरल ठेवावाच लागला, तर सावलीत, थोडा तिरपा ठेवावा, एक दिवस निवळू द्यावा आणि तळातले डिझेल घेऊ नये. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी डिझेलला चालत नाहीत. जस्ताशी रासायनिक क्रिया होऊन तयार होणारा गाळ फिल्टर चोंदवतो.

ज्यांचा ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीपेक्षा मोठा व २०२३ नंतरचा आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ जानेवारी २०२३ पासून या गटाला धुराचे नवे निकष लागू झाले आणि त्यामुळे अनेक इंजिनांत कॉमन रेल पद्धत आली. तिच्यात डिझेलचा दाब हजार बारपेक्षा जास्त असतो. जुन्या ट्रॅक्टरप्रमाणे इंजिन फिरवत इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढण्याचा प्रयत्न येथे करू नये. ती धार कातडीतून आत शिरते आणि बोट किंवा हात गमवावा लागतो.

बॅटरी

आता चालकाच्या तक्रारीकडे वळू. सेल्फ मारताना बॅटरीतून २०० ते ३०० ॲम्पिअर वीज जाते. आकडा मोठा दिसतो, पण ती फक्त चार-पाच सेकंद जाते. हिशेब केला तर एका वेळी जेमतेम अर्धा ॲम्पिअर-तासही खर्च होत नाही. ७५ ॲम्पिअर-तासाची धडधाकट बॅटरी केनयार्डमध्ये दहा वेळा इंजिन चालू करूनही दमत नाही, आणि परतीच्या वाटेवर अल्टरनेटर ती तूट भरून काढतो.

मग बॅटरी उतरते कशाने? आपल्याकडे ट्रॅक्टरवर गाणी लागतात. २०० वॅटची साउंड सिस्टीम इंजिन बंद असताना सुमारे १७ ॲम्पिअर घेते. सव्वादोन तासांत ७५ ची बॅटरी अर्ध्यावर येते. याउलट ट्रॉलीमागचे ५ वॅटचे दोन लाल दिवे एक ॲम्पिअरही घेत नाहीत. दहा तास जळले तरी आठ-साडेआठ ॲम्पिअर-तास लागतात. बॅटरी उतरेल म्हणून मागचे दिवे बंद ठेवणारा आणि गाणी चालू ठेवणारा चालक उलटा हिशेब करत असतो.

तपासणीस फार साहित्य लागत नाही. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी मिळाले तर बॅटरीला दोष देण्यापूर्वी फॅनबेल्ट व अल्टरनेटर पाहावा. जास्त मिळाले तर पाणी वारंवार आटते. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलचे विशिष्ट गुरुत्व पाहावे : भरलेल्या बॅटरीत ते १.२६० ते १.२८० असते. पाच सेल सारखे आणि एक सेल ५० अंकांनी खाली असेल, तर तो सेल गेला. अशी बॅटरी चार्जिंगला लावून पैसे घालवू नयेत.

दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी पाहावी. पाणी डिस्टिल्डच हवे, प्लेटांच्या वर एक ते दीड सेंटिमीटर. बोअरचे पाणी, गाळलेले पाणी, फिल्टरचे पाणी यांपैकी काहीही चालत नाही. ॲसिड कधीही वाढवू नये. टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा व कोमट पाण्याने धुवावी, मात्र झाकणे घट्ट लावून, नाहीतर सोडा सेलमध्ये जातो. नंतर कोरडे करून व्हॅसलीन लावावे. वायर सोडताना ऋण टोक आधी, जोडताना ते शेवटी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर पावसाळ्यात उभा राहतो आणि बॅटरी आपोआप उतरत जाते. उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने राहिली, की प्लेटांवर कठीण थर जमतो व ती पुन्हा पूर्ण भरत नाही. ऋण टोक काढून ठेवावे आणि महिन्यातून एकदा क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या प्रवाहाने, म्हणजे ७५ च्या बॅटरीला सात-साडेसात ॲम्पिअरने, चार्ज करावी.

नदीकाठच्या गावांसाठी एक सूचना. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेकाठी अनेक यंत्रे पाण्यात गेली. पुराचा इशारा मिळताच बॅटरी काढून माळ्यावर ठेवावी. बुडालेल्या ट्रॅक्टरला पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजिन व गियरचे तेल, टाकीतील डिझेल, फिल्टर सर्व काढून मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

रात्रीचा रस्ता

ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंना पिवळ्या व पुढे पांढऱ्या परावर्तक पट्ट्या लावाव्यात. त्यावर चिखल व पाचट बसते, म्हणून प्रत्येक खेपेला ओल्या फडक्याने पुसाव्यात. बाहेर लोंबणारी वाढी पट्ट्या झाकतात, ती छाटावीत. दुहेरी ट्रॉलीत शेवटच्या ट्रॉलीपर्यंत दिव्याची वायर पोहोचलेली असावी. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यात उभी राहिली, तर मागे दगड मांडून निघून जाऊ नये. ते दगड ट्रॉली गेल्यावरही तेथेच राहतात आणि दुचाकीस्वार त्यावर पडतो. परावर्तक त्रिकोण ट्रॉलीच्या मागे ५०-६० पावलांवर ठेवावा आणि लाल दिवे चालू ठेवावेत. ट्रॅक्टर दुसऱ्या कामासाठी सोडून न्यावयाचा असेल, तर ट्रॉलीजवळ टॉर्च घेतलेला माणूस बसवूनच न्यावा.

दुसऱ्यांचा ऊस भाड्याने वाहणाऱ्यांनी हंगामापूर्वी विम्याची पॉलिसी उघडून, तीत भाड्याच्या वाहतुकीची व दोन्ही ट्रॉल्यांची नोंद आहे काय, हे पाहून घ्यावे.