पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि दोन रिले

मुलुंड-घाटकोपर काय किंवा अंधेरी-बोरिवली काय, जुन्या सोसायट्यांत पाण्याची तऱ्हा एकच. पालिकेचं पाणी ठरल्या वेळी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढवावं लागतं. वॉचमनचं लक्ष चुकलं की वरची टाकी वाहते, नाहीतर खालची आटून पंप कोरडा फिरतो. हे काम रिलेवर, म्हणजे कॉइलने चालणाऱ्या स्विचवर, सोपवता येतं आणि वीज गेल्यावर जिन्यातले दिवे लावण्याचंही. पंपाकडे डीसीवरचा रिले एसी लोड चालवतो, जिन्यात एसीवरचा रिले डीसी लोड. 230 व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी, पण कमिटीतल्या एकाला तरी ती समजलेली असावी.

खरेदीपासून सुरुवात करू. लॅमिंग्टन रोडवर सॉकेटमध्ये बसणारे, आठ पिनांचे दोन रिले घ्या: एकाची कॉइल 12 व्होल्ट डीसीची, दुसऱ्याची 230 व्होल्ट एसीची. कॉइलचा प्रकार अंगावर छापलेला असतो, तो वाचूनच पैसे द्या. एसीच्या कॉइलला तेवढ्याच व्होल्टचा डीसी दिला तर करंट बेसुमार वाढून ती जळते.

त्याच अंगावर कॉन्टॅक्टची क्षमताही असते: 10 अँपिअर, 250 व्होल्ट एसी, खाली 10 अँपिअर, 30 व्होल्ट डीसी. अँपिअर सारखेच, मग व्होल्टमध्ये एवढी तफावत का? आपला एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कॉन्टॅक्ट उघडताना उडालेली ठिणगी तिथेच विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते आणि कॉन्टॅक्ट खाते. असाच रिले 110 व्होल्ट डीसीवर जेमतेम अर्ध्या अँपिअरच्या आसपास तोडू शकतो. मुंबईची लोकल 3 फेब्रुवारी 1925 पासून 1500 व्होल्ट डीसीवर धावली. बोरिवलीपर्यंत ही वीज 1928 साली पोचली आणि पश्चिम रेल्वे पूर्णपणे 25 हजार व्होल्ट एसीवर गेली ती 2012 मध्ये. तोवर गाड्यांतल्या कॉन्टॅक्टरांना ठिणगी चुंबकाने बाजूला फुंकून विझवण्याची खास सोय लागे. आपल्या छोट्या रिलेत ती नसते. म्हणून डीसी लोड असेल तेव्हा खालचाच आकडा धरायचा.

आता पंप. दोन्ही टाक्यांत एकेक फ्लोट स्विच सोडा. वरचा फ्लोट खाली लोंबला की सर्किट जुळलं पाहिजे. खालच्या टाकीत उलट, फ्लोट तरंगून वर आला की. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. मल्टिमीटर लावून फ्लोट हाताने वर-खाली करा आणि बीप कधी येतो ते पाहा. मग 12 व्होल्ट अ‍ॅडॉप्टरच्या प्लसपासून वरचा फ्लोट, तिथून खालचा फ्लोट, तिथून रिलेची कॉइल आणि परत मायनस, अशी एकच साखळी करा. टाकीजवळ 230 व्होल्ट न्यायचे नाहीत, हा या रचनेचा सर्वांत मोठा फायदा. सात मजल्यांच्या इमारतीतही पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. मात्र ती पॉवरच्या वायरींसोबत एका पाइपात घालू नका.

कॉइलच्या दोन टोकांवर 1N4007 डायोड लावा, त्याची पांढरी पट्टी प्लसच्या बाजूला. कॉइल बंद होताना उलटा झटका देते, तो शेकडो व्होल्टचा असू शकतो आणि फ्लोटचे कॉन्टॅक्ट खराब करतो. डायोड तो तिथेच जिरवतो. एसी कॉइलवर मात्र डायोड कधीही लावू नये, थेट शॉर्ट होतो. तिथे 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा स्नबर लावतात.

रिलेवरून थेट पंप चालवण्याचा मोह टाळा. एक हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप चालताना सहा-सात अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. त्या झटक्याने कॉन्टॅक्ट चिकटतो. पंप थांबतच नाही आणि पाणी गच्चीवरून वाहत राहतं. पंप कॉन्टॅक्टरने, म्हणजे मोठ्या लोडसाठीच्या रिलेने, चालवायचा आणि आपल्या रिलेने फक्त त्या कॉन्टॅक्टरची कॉइल. फेज एमसीबीतून ओव्हरलोड रिलेच्या 95-96 वर, तिथून आपल्या रिलेच्या कॉमनवर आणि एनओवरून (एरवी उघडा असलेला कॉन्टॅक्ट) कॉन्टॅक्टरच्या ए1 वर. ए2 न्यूट्रलला. कॉन्टॅक्टर घेताना एसी-3 चा आकडा पाहा, कारण मोटरसाठी तोच खरा. एसी-1 ला 25 अँपिअर लिहिलेला कॉन्टॅक्टर एसी-3 ला 9 चाच निघतो. ओव्हरलोडचं सेटिंग पंपाच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवा.

जिन्याचं काम त्यामानाने सोपं आहे. 230 व्होल्टची कॉइल जिन्याच्या लाइनवर, फ्यूजमधून जोडा. 12 व्होल्टची एक बॅटरी ठेवा. तिच्या प्लसला अगदी लागून 3 अँपिअरचा फ्यूज, मग रिलेचा कॉमन, एनसीवरून (एरवी मिटलेला कॉन्टॅक्ट) 12 व्होल्टचे एलईडी दिवे आणि दिव्यांची मायनस बॅटरीला. पाच वॉटचे चार दिवे मिळून पावणेदोन अँपिअरच्या आत बसतात. वीज असेपर्यंत कॉइल एनसी उघडा धरून ठेवते; वीज गेली की तो मिटतो. या वायरीत एक साधा स्विचही टाका. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, तेव्हा जिन्यात दिवसाचा उजेड होता. अशा वेळी दिवे दिवसभर जळू दिले तर रात्रीसाठी बॅटरीत काही उरत नाही.

चाचणी आधी पंपाचा एमसीबी बंद ठेवून, फक्त 12 व्होल्टवर. वरचा फ्लोट हाताने उचलला की रिलेचा टक् आवाज यावा, सोडला की पुन्हा यावा. मग एमसीबी चालू करा, पंप सुरू होऊ द्या आणि फ्लोट पुन्हा उचला. पंप लगेच थांबला पाहिजे. रिले सुटल्याचा आवाज येऊनही पंप फिरत राहिला तर एमसीबी पाडून आधी कॉन्टॅक्टर उघडून बघा. ही फ्लोट उचलण्याची चाचणी दर महिन्याला करा, पावसाळ्यात दर आठवड्याला, कारण दमट हवेत पॅनलमधले स्क्रू आणि टोकं लवकर गंजतात.