कारखान्याचे प्रगतिपुस्तक

अहिल्यानगरच्या सावेडीहून मनमाड रस्त्याने पुढे गेलात, की नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतीतील कोणता कारखाना निसर्गाची संपत्ती अधिक काटकसरीने वापरतो, हे कसे ठरवाल?

नुसते पाण्याचे बिल पाहून चालणार नाही. मोठ्या कारखान्याला पाणी जास्तच लागणार! म्हणून पाण्याला उत्पादनाने भागतात. समजा, 'अ' कारखान्याने १०० टन मालासाठी ४०० घनमीटर पाणी वापरले. म्हणजे दर टनी ४ घनमीटर. तोच माल बनविणाऱ्या 'ब' कारखान्याने ३०० टनांसाठी ९०० घनमीटर वापरले; म्हणजे दर टनी ३ घनमीटर. 'ब' अधिक काटकसरी ठरला. वीज, इंधन, टाकाऊ पदार्थ यांचेही मोजमाप असेच होते. पर्यावरण संरक्षण नियमांत १९९२ साली दुरुस्ती झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागणाऱ्या कारखान्यांना असा हिशेब दरवर्षी मंडळाकडे देणे बंधनकारक झाले.

पण येथेच एक मेख आहे. पुढील वर्षी 'ब'ने ५०० टन माल काढला आणि दर टनी पाणी २.५ घनमीटरवर आणले. शाबास! परंतु एकूण पाणी किती? ५०० × २.५ = १,२५० घनमीटर. म्हणजे ३५० घनमीटरने वाढलेच! पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात धरण आणि विहीर रिकामी होते, ती एकूण उपशाने. म्हणून प्रगतिपुस्तकात दोन्ही आकडे हवेत.

करून पाहा : शाळेच्या वीजबिलातील युनिटांना विद्यार्थिसंख्येने भागा. पुढील वर्षी त्याच महिन्याचे दोन्ही आकडे ताडून पाहा. काय आढळले?