घाटावरचे पाहुणे

कोकणात भाताची कापणी आटोपते, खळ्यांवरील झोडणी संपत येते आणि दिवाळीचे दिवे मालवतात. त्या सुमारास रायगड जिल्ह्यातील वाटांवर एक निराळेच दृश्य दिसू लागते. डोक्यास मुंडासे, खांद्यावर घोंगडे आणि हाती काठी घेतलेले पुरुष मेंढरांचे कळप हाकीत सह्याद्री उतरतात. त्यांच्या मागून पाठीवर संसार लादलेली घोडी आणि ती घोडी सांभाळणाऱ्या स्त्रिया येतात. हे घाटावरचे मेंढपाळ धनगर होत. कोकणच्या डोंगरांत म्हशी पाळून बारमाही राहणारे गवळी-धनगर वेगळे. हे मात्र हिवाळ्या-उन्हाळ्याचे पाहुणे.

त्यांनी घर सोडून इतक्या दूर का यावे, याचे उत्तर पावसात आहे. फलटण, माण यांसारख्या तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. हिवाळा सरता सरता तेथील माळ उघडे पडतात. उलट, कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे भात कापल्यावरही खाचरांत ओल राहते आणि बांधांवर हिरवा पाला मिळतो. परंतु हाच पाऊस मेंढरांचा वैरीही आहे. सततच्या ओलाव्याने त्यांचे खूर कुजतात व ती रोगांना बळी पडतात. म्हणून मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कळपांना पुन्हा घाट चढावाच लागतो.

रोह्याशेजारी कुंडलिका नदीच्या काठी धाटाव हे गाव आहे. खाली रोह्याजवळपर्यंत खाडीच्या भरतीचे पाणी चढते आणि पुढे रेवदंड्यास ही नदी समुद्राला मिळते. या नदीचीही एक मौज आहे. मुळा नदीचे पाणी मूळचे पूर्वेकडे भीमेस मिळावयाचे. ते मुळशीच्या धरणात अडवून पश्चिमेस वळविले गेले. भिरा येथील वीजगृह १९२७ साली सुरू झाले, तेव्हापासून ते पाणी वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते, आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी रोहे तालुक्यातील शेतांत पोहोचते. जणू घाटावरच्या माणसांप्रमाणे घाटावरचे पाणीही कोकणात पाहुणे म्हणून आले आहे!

अशा प्रदेशात मेंढपाळांचा तळ पडतो. त्या तळाला 'वाडा' म्हणतात. पण या वाड्यास ना भिंती, ना दारे. कापडाचे पाल, तीन दगडांची चूल, पाण्याच्या घागरी, राखणीची कुत्री आणि मेंढरांभोवती उभारलेले जाळे, एवढेच त्याचे वैभव. या जाळ्यास 'वाघर' म्हणतात. बहुतेक दिवशी पहाटेच सामान बांधून पुढच्या शेताची वाट धरावी लागते. परंतु एखाद्या शेतात दोन-तीन रात्री राहण्याचे ठरले, की मधला दिवस मुक्कामाचा ठरतो, आणि वाड्याला क्वचित लाभणारा विसावा मिळतो.

त्या दिवशी घोडी मोकळी चरत असतात. काही पुरुष मेंढरे घेऊन रानात जातात. त्या मानाने इतरांस सवड असते. कोणी वाघरीची तुटलेली गाठ सांधतो, कोणी मेंढराच्या खुरातील काटा काढतो. स्त्रिया धुणी धुतात आणि एकमेकींचे केस विंचरतात. लहान कोकरे कळपाबरोबर जात नाहीत. ती डालग्याखाली राहतात आणि मुले त्यांना कोवळा पाला भरवितात. शाळेत जाणारी मोठी मुले मात्र येथे दिसत नाहीत. त्यांना बहुधा गावी आजी-आजोबांजवळ ठेवलेले असते. म्हणून दुपारी एखादी माता मोबाइल कानाशी धरून बसते. "जेवलास का? शाळेत गेला होतास ना?" एवढेच ती विचारते, पण तेवढ्यात तिचे डोळे भरून येतात. या भटकंतीची खरी किंमत तिलाच ठाऊक.

तिसऱ्या प्रहरी शेजारचा शेतकरी बांधावर येतो. "पाहुणे, उद्या आमच्या वरच्या खाचरात मेंढरे बसवाल का?" असे तो विचारतो. वाड्याचा कारभारी किती मेंढरे, किती रात्री आणि मोबदल्यात किती भात किंवा पैसे, हे बोलून ठरवितो. कागद होत नाही. शब्द हाच करार. रात्रभर शेतात बसलेल्या मेंढरांचे मूत्र थेट मातीत मुरते, लेंड्या खुरांखाली तुडविल्या जातात आणि खत वाहून नेण्याचे कष्ट न पडता जमिनीचा कस वाढतो. शेतकऱ्यास खत मिळते, मेंढपाळास धान्य मिळते आणि मेंढरांस चारा.

या सौद्यात एक अट न बोलताच पाळावी लागते. भातानंतर कित्येक शेतांत वाल पेरलेला असतो. त्याच वालाच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्यासह जाळावर भाजून येथील लोक 'पोपटी' करतात. मेंढरांचा कळप क्षणभर जरी वालात शिरला, तरी शेतकऱ्याचे पीक जाते आणि मेंढपाळाची पत जाते. पीक पुन्हा पेरता येते. गेलेली पत मिळावयास मात्र वर्षे लागतात. म्हणून विश्रांतीच्या दिवशीही मेंढक्याची नजर बांधावरून ढळत नाही.

सायंकाळी कळप परततो. कोकरे आपापल्या आयांकडे धाव घेतात आणि शेकडो मेंढरांतून प्रत्येकाला आपली आई अचूक सापडते. जेवणे आटोपल्यावर कधी ढोल वाजतो, बिरोबाच्या ओव्या रंगतात आणि दिवसाचा शीण उतरतो.

ऋतूप्रमाणे स्थलांतर करणारे मेंढपाळ जगात अन्यत्रही आहेत. हिमालयातील गद्दी लोक उन्हाळ्यात उंच कुरणांवर चढतात व हिवाळ्यात खाली उतरतात. अशा लोकांच्या जीवनाकडे जगाचे लक्ष वेधावे, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. इकडे कोकणात मात्र वाट अरुंद होत चालली आहे. धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली, रस्त्यांवर वाहने वाढली, जमिनींना कुंपणे पडली. कारखान्यांनी अनेकांना रोजगार दिला, हेही खरे. पण कळपाला दोन रात्री टेकण्यापुरती मोकळी जागा शोधणे पूर्वीसारखे सोपे राहिले नाही.

तरीही दिवाळी सरली, की घाटावरच्या वाटांवर धूळ उडते. ज्या खाचरात पाहुण्यांची मेंढरे बसली, तेथे पावसाळ्यात भात तरारून येतो. पाहुणे तोवर दूर आपल्या माळावर गेलेले असतात. शेतकरी मात्र ते हिरवे रोप पाहून त्यांची आठवण काढतो.

प्रश्न
१. मेंढपाळांनी कोकणात येण्याचे आणि पावसाळ्यापूर्वी परतण्याचे कारण एकच आहे, असे का म्हणता येईल?
२. शेतात मेंढरे बसविल्याने कोणाकोणाचा लाभ होतो?
३. 'पीक पुन्हा पेरता येते. गेलेली पत मिळावयास मात्र वर्षे लागतात' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावी ठरावीक ऋतूत येणाऱ्या लोकांची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.