दार नसलेल्या गावातून लंडनला

आमच्या डिझाइनच्या वर्गाचा लंडनचा अभ्यासदौरा ठरला, तेव्हा पहिला विनोद माझ्यावर झाला. मी शनिशिंगणापूरची. “हिच्या घराला दारच नाही, हिला आधी कुलूप लावायला शिकवा,” असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले.

प्रत्यक्षात फोन गेला तो पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या माझ्या मैत्रिणीचा. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर, डिझाइन म्युझियमच्या वाटेवर, फूटपाथच्या कडेला उभी राहून ती नकाशा बघत होती. मागून इलेक्ट्रिक सायकलवर कुणी आला, हातातला फोन ओढला आणि वाहनांच्या गर्दीत दिसेनासा झाला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. लंडनमध्ये अशी फोनचोरी सर्रास होते, तिथले लोक त्याबद्दल आपणहून सावध करतात. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं.

खरी फजिती पुढे झाली. आमच्या घोळक्यात नेट फक्त तिच्या फोनवर होतं. पैसे वाचतात म्हणून बाकीच्यांनी तिच्या हॉटस्पॉटवर भागवायचं ठरवलं होतं. प्रदर्शनाची तिकिटं तिच्याकडे, हॉटेलचं बुकिंग तिच्याकडे. सर दुसऱ्या गटाबरोबर पुढे गेलेले. हॉटेलचं पूर्ण नाव आणि पत्ता आमच्यापैकी एकालाही धड सांगता येईना. तिच्या बँकेचा ओटीपी ज्या सिमवर यायचा, ते सिमही गेलं. शेवटी म्युझियममध्ये जाऊन तिथलं वायफाय घेतलं, सरांना गाठलं, बँकेला फोन लावून कार्ड बंद केलं. तोवर सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

एक फोन गेला आणि अख्खा गट आंधळा झाला. परदेशात गटाने जाणाऱ्या प्रत्येकाने घाबरावं ते या गोष्टीला. चोर एकाला गाठतो. बाकीच्यांची गैरसोय गटाने आधीच करून ठेवलेली असते, कारण गटात प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणीतरी बघतंय.

शिंगणापूरबद्दल बाहेर हाच गैरसमज आहे. घरांना दारं नाहीत, म्हणजे गाव देवावर हवाला ठेवून निवांत झोपतं, असं लोकांना वाटतं. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही ही श्रद्धा आहेच, पण तिच्या जोडीला रोजची नजरही आहे. शेजारच्या ओट्यावर कोण बसलंय, गल्लीत अनोळखी कोण शिरलं, हे सगळ्यांना माहीत असतं. आई दळणाला निघाली तरी शेजारी हाक मारून सांगते, “घराकडं बघ गं, आलेच.” ही हाक मारल्याशिवाय ती पाऊल बाहेर टाकत नाही. कुत्रं आत जाऊ नये म्हणून चौकटीला फळी टेकवली जाते. शनिअमावस्येला लाखो भाविक येतात, तेव्हा घरातलं कुणीतरी मागे राहतं. आणि गावाला भोळं समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की 2010 साली एका भाविकाने गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केली होती आणि 2015 पासून गावात पोलीस ठाणं आहे.

डिझाइन शिकताना मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते गावातल्या बँकेने. 2011 साली युको बँकेने इथे शाखा उघडली. दार काचेचं, कुलूप दिसत नाही, म्हणून बातम्या झाल्या. पण दाराला दुरून चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप होतं, सहज नजरेत न येणारं. गावाची श्रद्धा दुखावायची नाही आणि लोकांचा पैसाही उघड्यावर ठेवायचा नाही, या दोन्ही अटी पाळून कुणीतरी विचारपूर्वक केलेली ती रचना होती. विश्वास हा असा आखावा लागतो. आमच्या दौऱ्यात तो कुणी आखलाच नव्हता.

तेव्हा तुम्ही जाणार असाल, तर पुढच्या गोष्टी निघण्यापूर्वी ठरवा.

जोड्या लावा. ‘सगळ्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवा’ या सूचनेला काही अर्थ नाही. दोघादोघांच्या जोड्या करा आणि जोडीदाराची जबाबदारी नावानिशी द्या. स्टेशनवर उतरलं की प्रत्येक जोडीने हात वर करायचा. सर पुढे असतील, तर सगळ्यांत शेवटी कोण चालणार हे रोज सकाळी ठरवा. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, ते ठिकाण आधी सांगून ठेवा. लंडनच्या भुयारी रेल्वेत दरवाजे बंद होतात आणि अर्धा गट फलाटावर राहतो. अशा वेळी पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून थांबायचं, एवढा एक नियम पुरतो.

फोन. नेट प्रत्येकाचं स्वतःचं हवं. हॉटस्पॉटवरची बचत महागात पडते. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आडोशाला जा, भिंतीला पाठ लावा, रस्त्याच्या कडेला उभे राहू नका. फोनवर *#06# दाबून आयएमईआय क्रमांक वहीत लिहून घ्या, पोलिसांत तक्रार करताना तो लागतो. हॉटेलचा पत्ता, सरांचा नंबर, बँकेचा परदेशातून लागणारा नंबर आणि जोडीदाराचा नंबर असलेला कागद खिशात ठेवा. तातडीच्या मदतीसाठी तिथे 999, आणि चोरी होऊन गेल्यावर तक्रारीसाठी 101.

पासपोर्ट. हरवू नयेत म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत जमा करण्याची आपल्याकडे हौस असते. ती पिशवी गेली तर अख्खा वर्ग अडकतो. ज्याचा पासपोर्ट त्याच्याकडे, आणि जोडीदाराकडे त्याची झेरॉक्स. हरवलाच तर पोलिसांत नोंद करून ऑल्डविचच्या इंडिया हाउसमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो. तिथून तातडीचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं. लंडननंतर पॅरिसचा बेत असेल, तर तो तिथेच संपतो.

कार्ड. भुयारी रेल्वेत कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून जाता येतं, पण एका कार्डावर दोघांना नाही. फोन टेकवून आत गेलात आणि त्याच खात्याचं प्लास्टिकचं कार्ड टेकवून बाहेर आलात, तर यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि जास्तीचं भाडं कापलं जातं. दोन कार्डं न्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

लटकू. हा शब्द आमच्या गावचा. शिंगणापूरच्या रस्त्यावर गाडी अडवून, दारात लटकून ठरावीक दुकानाकडे नेणाऱ्या दलालांना आम्ही लटकू म्हणतो. वेस्टमिन्स्टर पुलावर तीन वाट्या आणि चेंडूचा खेळ मांडून बसलेला माणूस पाहिला आणि मला घरची आठवण झाली. भोवती जे हसत हसत जिंकत होते, ते त्याचेच लोक होते. वर्गातल्या एकाचा हात पाकिटाकडे गेला तेव्हा मी त्याला मागे ओढलं. रस्त्यात थांबवून फुकट काही देणारा, सही मागणारा, स्वस्त तिकीट दाखवणारा भेटला की चालत राहा. उत्तर देण्याचीही गरज नाही.

आता अभ्यासाबद्दल. सुरक्षिततेच्या गडबडीत दौऱ्याचा मूळ हेतू निसटतो आणि परतताना हाती फक्त सेल्फी राहतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय 1852 सालचं. कायमच्या दालनांना तिकीट नाही, आणि पसारा इतका की सगळं बघायला निघालेल्याला काहीच दिसत नाही. 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली वाघनखं इथलीच. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे लॉकवूड किपलिंग तरुणपणी याच संग्रहालयाच्या सजावटीवर काम करत होते. असा आपल्याशी जोडलेला एखादा धागा घरूनच धरून जा. एक वस्तू निवडा, तिच्यासमोर बसून पेन्सिलीने रेखाटा. 2025 मध्ये स्ट्रॅटफर्डला याच संग्रहालयाचं ईस्ट स्टोअरहाउस उघडलं आहे. तिथे आधी मागणी नोंदवली तर साठ्यातली वस्तू जवळून बघायला मिळते. मागणी दोन आठवडे आधी करावी लागते, म्हणजे हे काम घरी बसूनच करायचं.

हॅरी बेकने आखलेला भुयारी रेल्वेचा नकाशा 1933 साली लोकांच्या हाती आला. त्याने खरी अंतरं सोडून दिली आणि फक्त क्रम व जोडणी ठेवली. वर्गात त्याचं कौतुक शिकतो, पण त्यावरून पायी अंतर मोजू नका. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे जेमतेम पाव किलोमीटर आहे. आम्ही त्यासाठी जिने उतरलो, गाडीची वाट पाहिली आणि पुन्हा वर आलो.

पालकांसाठी शेवटचं. व्हिसा गटाला मिळत नाही, प्रत्येकाच्या अर्जावर स्वतंत्र निर्णय होतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत. नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही. दौऱ्याच्या सभेत ‘काही शंका?’ असं विचारलं की सगळे गप्प बसतात, कारण तिथेही वाटतं की दुसरं कुणीतरी विचारेल. तुम्ही उभे राहा. माझ्या मुलीचा व्हिसा नाकारला तर किती पैसे परत? विम्यात चोरी आणि दवाखाना दोन्ही आहे का? ती आजारी पडली तर हॉटेलवर तिच्याजवळ कोण थांबणार, आणि बाकीच्या मुलांबरोबर कोण जाणार? या उत्तरांत माणसांची नावं आली पाहिजेत. ती कागदावर मिळेपर्यंत दुसरा हप्ता भरू नका.