*दारातला मोगरा : आत्ता छाटा, उन्हाळ्यात फुलं तोडा*



झाड पानांनी भरलंय, पण फूल नाही, अशी मोगऱ्याची तक्रार असेल तर टॉनिक आणू नका. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं. जुना फाटा तसाच ठेवला तर नवी फूट कमी, कळीही कमी. त्यामुळे नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरमध्ये छाटणी हवीच.

*1) ताण :* छाटणीआधी 15 ते 20 दिवस पाणी तोडा. कुंडीतल्या झाडाला एवढा ताण देऊ नका, पानं मलूल झाली की पुरे.

*2) छाटणी :* जमिनीपासून दीड फूट ठेवून वरचं छाटा. वाळक्या, रोगट, आत घुसलेल्या काड्या मुळापासून काढा. कात्री धारदार घ्या, काडी चिरू देऊ नका.

*3) खत :* आळं मोकळं करून मोठ्या झाडाला एक घमेलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि 100 ग्रॅम 10:26:26 द्या. खत खोडाला चिकटून नको, वीतभर लांब टाका. मग हलकं पाणी. फूट दिसली की पाणी नियमित करा, पण आळ्यात पाणी साचू देऊ नका.

*4) ऊन :* दिवसाला किमान 6 तास. भिंतीच्या सावलीत नुसता पाला वाढतो.

*पान पिवळं, शीर हिरवी?* कोवळ्या पानांवर असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होतं. युरिया टाकून ते जात नाही. फेरस सल्फेट 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा.

*कळीला छिद्र, कळी जांभळी?* ती कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या तोडून नष्ट करा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

⚠️ *महत्त्वाचं :* कापसाच्या किंवा कांद्याच्या फवारणीतलं उरलेलं औषध मोगऱ्यावर मारू नका. हेच फूल आपण केसात माळतो, देवाला वाहतो, माठाच्या पाण्यातही टाकतो. पोरंबाळं तेच पाणी पितात.

शंका असेल तर पानाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंचे फोटो ग्रुपवर पाठवा.

– कृषी सल्ला विभाग