तिरुमंगई आळ्वार : तलवार ठेवून देवाच्या वाटेला लागलेला कवी

तमिळनाडूतील कुंभकोणमपासून सुमारे १० किलोमीटरवर नाचियारकोविल हे गाव आहे. पितळी समयांसाठी ते प्रसिद्ध आहे. गावाचे जुने नाव तिरुनरैयूर. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी हे एक क्षेत्र. 'नाचियार' म्हणजे देवी. येथे वंजुळवल्ली देवीला अग्रमान आहे. गाभाऱ्यात ती श्रीनिवासाच्या किंचित पुढे उभी आहे आणि उत्सवाच्या मिरवणुकीतही तीच पुढे असते. आळ्वारांपैकी शेवटचे मानले जाणारे तिरुमंगई आळ्वार यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते याच क्षेत्री.

१. पराक्रमी नीलन आणि कुमुदवल्लीची अट

त्यांचे मूळ नाव नीलन. जन्म शीरकाळीजवळच्या तिरुक्कुरैयलूर येथे झाला. इतिहासकार त्यांचा काळ साधारण आठवे शतक मानतात. ते चोळ राजाच्या सैन्यात होते आणि पराक्रमामुळे एका लहान प्रांताचे अधिपती झाले. पुढची हकिगत वैष्णव परंपरेने जपली आहे.

नीलनने कुमुदवल्लीला मागणी घातली. तिने दोन अटी घातल्या : आधी वैष्णव दीक्षा घ्यावी आणि मग एक वर्ष रोज १००८ वैष्णवांना भोजन द्यावे. दीक्षेसाठी नीलन तिरुनरैयूरला आला. तेथे प्रत्यक्ष देवानेच आचार्य होऊन त्याच्या खांद्यांवर शंख-चक्रांच्या मुद्रा उमटवल्या, असे परंपरा सांगते. त्या वेळी नीलनच्या मनात भक्ती किती होती आणि कुमुदवल्लीची ओढ किती होती, हे सहज ओळखता येते. तरीही देवाने त्याला परत पाठवले नाही. हेतू पूर्ण शुद्ध झाल्यावरच साधना सुरू करायची, असे ठरवले तर ती कधीच सुरू होणार नाही.

२. अन्नदानासाठी वाटमारी

रोजच्या पंगतींत नीलनची संपत्ती संपली. राजाला द्यायचा करही त्यात खर्च झाला आणि त्याला कैद झाली. कांचीच्या वरदराजाने वेगवती नदीच्या काठी पुरलेले धन दाखवले, त्यातून कर फिटला. येथे मराठी वाचकाला मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण होईल. पण नीलनची गोष्ट पुढे अवघड वळण घेते. पंगत मोडू नये म्हणून तो वाटसरूंना लुटू लागला.

वाल्या कोळी कुटुंबासाठी लुटत होता. 'तुझ्या पापात कोण वाटेकरी?' या एका प्रश्नाने त्याचे डोळे उघडले. नीलनला हा प्रश्न विचारून भागले नसते. 'मी स्वतःसाठी काही घेत नाही, हे भगवंताच्या भक्तांसाठी आहे', असे उत्तर त्याच्याकडे तयार होते. स्वार्थासाठी केलेली चूक लवकर दिसते. सेवेच्या नावाखाली केलेली चूक मात्र पुण्यासारखी वाटते, म्हणून ती सुटायला फार कठीण असते.

३. न उचललेले गाठोडे

एके रात्री दागिन्यांनी मढलेले नवे जोडपे वऱ्हाडासह त्या वाटेने आले. नीलनने सारे दागिने काढून घेतले. वराच्या पायातले एक आभूषण निघेना, तेव्हा ते त्याने दातांनी ओढून काढले. पण सगळ्याचे गाठोडे बांधल्यावर ते जागचे हलेना. एवढा बलवान योद्धा थकला. 'कोणता मंत्र घातला आहेस?' असे त्याने दरडावून विचारले. वर साक्षात नारायण होता. त्याने नीलनच्या कानात अष्टाक्षरी मंत्र सांगितला आणि नीलनचा आळ्वार झाला.

भगवंताने नीलनचे अन्नदान थांबवले नाही. बळाने घेतलेले उचलले जात नाही, एवढेच त्याने दाखवले.

४. पायी फिरणारा कवी

यानंतर आळ्वार क्षेत्रोक्षेत्री फिरले आणि प्रत्येक ठिकाणच्या देवाला गात गेले. त्यांच्या सहा रचना 'नालायिर दिव्य प्रबंधा'त आहेत. त्यांतील 'पेरिय तिरुमोळी'त हजारांहून अधिक पद्ये आहेत. एकट्या तिरुनरैयूरवर त्यांची शंभराहून अधिक पद्ये आहेत.

शस्त्राच्या जगातून निघून पायी फिरणाऱ्या कवीचे दुसरे उदाहरण जपानमध्ये आहे. हायकूचा श्रेष्ठ कवी मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) सामुराईंच्या सेवेतील घरात जन्मला. तरुण धन्याच्या मृत्यूनंतर त्याने ती सेवा सोडली. १६८९ मध्ये तो उत्तरेकडे महिनोन्‌महिने पायी चालला. त्या यात्रेतून त्याचे सर्वांत प्रसिद्ध प्रवासवर्णन जन्मले. मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी. हायकूत १७ अक्षरांचे बंधन असते. आळ्वारांनीही असेच कडक बंधन आनंदाने पत्करले. कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी देवावरील त्यांच्या 'तिरुवेळुकूट्रिरुक्कै' या एका कवितेत एक ते सात हे आकडे पायरीपायरीने चढत-उतरत येतात आणि मांडणी रथाच्या आकाराची होते. त्या मंदिराचा गाभाराही रथासारखाच आहे.

दोघांत फरकही आहे. बाशो समोरचा क्षण पाहून स्वतः बाजूला होतो. आळ्वार देवाशी भांडतात, रुसतात आणि विरहिणी नायिका होऊन त्याला साद घालतात. पण 'मी'चे ओझे खाली ठेवल्याशिवाय दोघांचीही वाट पुढे जात नाही.

५. आजचा वारसा

वैष्णव मंदिरांतून त्यांची पदे आजही म्हटली जातात. श्रीरंगमला वैकुंठ एकादशीच्या उत्सवात वाटमारीचा प्रसंग दरवर्षी साकारला जातो. संताच्या चरित्रातला हा भाग परंपरेने झाकून ठेवलेला नाही. उलट त्याचाच उत्सव केला.

नाचियारकोविलला वर्षातून दोनदा, मार्गळी आणि पंगुनी महिन्यांत, दगडी गरुडाची मिरवणूक निघते. गाभाऱ्याजवळून निघताना त्याला ४ जण उचलतात, मग ८, १६, ३२ आणि ६४ खांदे लागतात. परतताना ही संख्या त्याच क्रमाने कमी होते. देवापासून दूर जाताना भार वाढतो आणि देवाकडे येताना तो हलका होतो, असा अर्थ भाविकाने त्यातून घ्यावा.

६. चिंतनासाठी

आपण करत असलेली सेवा जड वाटू लागली, तर आधी माणसे वाढवण्याचा किंवा जोर लावण्याचा विचार मनात येतो. त्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या कामासाठी मी कोणाकडून काही ओढून तर घेत नाही ना, मग ते धन असो, वेळ असो वा घरच्यांची शांती? 'हे देवासाठी आहे' हे वाक्य मी उत्तर म्हणून वापरतो की ढाल म्हणून? आणि गाठोडे हलत नसेल, तर ते खाली ठेवून नाम घ्यायला मी तयार आहे का?