कोपी

भीमेवर उजनीचे धरण झाले आणि कोरड्या सोलापूर जिल्ह्यात ऊस पसरला. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. तेव्हा बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथे येतात. मोकळ्या रानात बांबूच्या कामट्या रोवावयाच्या, त्या कमानीसारख्या वाकवावयाच्या आणि वर तट्ट्या, पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद घालावयाचा, की निवारा तयार होतो. आत शिरताना मोठ्या माणसाला कमरेत वाकावे लागते. या निवाऱ्याला मजूर 'कोपी' म्हणतात.

कच्च्या निवाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. राखणदाराची ती खोप, मोडकळीस आलेले ते खोपट, भटक्या लोकांचे कापडी बिऱ्हाड ते पाल. छपरातून चांदणे आत येते, ते घर चंद्रमौळी. वस्तुतः चंद्रमौळी म्हणजे मस्तकी चंद्र धारण करणारा शंकर. हा विनोद एखाद्या गरिबानेच केला असावा! 'पर्णकुटी' म्हटले, की पंचवटीतील राम-सीता आठवतात. पुण्यात तर ठाकरसी कुटुंबाच्या प्रशस्त बंगल्याचेच नाव 'पर्णकुटी' होते. १९३३ साली महात्मा गांधींनी तेथे एकवीस दिवसांचे उपोषण केले. याउलट, 'झोपडी'ला 'पट्टी' जोडून पाहा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणसे येतच नाहीत, केवळ गर्दी येते.

कोपी ही खोपीच्या कुळातली. सुगरणीचा खोपाही त्याच कुळातला. पिले उडाली, की खोपा ओस पडतो. उन्हाळ्यात कारखाना बंद झाला, की कोपी मोडली जाते. मजुरांच्या बोलण्यात एक बारीक भेद आढळतो. संध्याकाळी ते 'कोपीवर' जातात. 'घरी' जातात ते हंगाम संपल्यावर. शेतावर, कामावर, तसेच कोपीवर. तेथे चूल पेटते, बाळ झोळीत निजते, तरीही तिला घर म्हणावयास जीभ वळत नाही.

आईबापांबरोबर आलेल्या मुलांची गावातील शाळा मात्र मागे राहते. त्यांच्यासाठी कारखान्यांजवळ ज्या शाळा निघाल्या, त्यांना 'साखरशाळा' असे गोड नाव मिळाले. अशा शाळेत गुरुजींनी 'माझे घर' या विषयावर चार ओळी लिहावयास सांगितल्या, तर मुलाने कोणते घर लिहावे? गावाकडचे, कुलूप लावलेले? की जेथून तो आज सकाळी शाळेत आला, ते?